रिकाम्या खुर्चीपुढची बाटली

भिंगरीला दोन मामा होते. धाकटा चाळिशीला टेकलेला, आणि थोरला तीन वर्षांचा.

वर्गात तिनं एकदा हे सांगितलं तेव्हा शेजारणीनं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता. पण त्यात तापण्यासारखं काही नव्हतं. थोरला मामा तीन वर्षांचा असताना गेला, आणि गेलेल्या माणसाचं वय वाढत नाही. धाकटा त्याच्यानंतर जन्मला, शाळेत गेला, त्याला मिशा फुटल्या, टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी घरात धाकटा तो धाकटाच.

थोरला कसा गेला हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. आजोबांचा कारखाना होता. तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायचं पाणी तिथे बनायचं, कॉस्टिकचं, पोटात गेलं तर आतडी जाळणारं. दिसायला अगदी आपल्या प्यायच्या पाण्यासारखं. आणि त्या काळी ते मिळेल त्या बाटलीत भरून विकायचे. सरबताची बाटली म्हणू नका, औषधाची म्हणू नका. साधं फिरकीचं झाकण लावलं की झालं. नियम बियम काही नव्हते. अशी बरीच मुलं गेली तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि नियम झाले. असल्या बाटलीवर धोक्याचं चित्र हवं. आंधळ्या माणसाच्या बोटाला लागेल असा उठावदार त्रिकोण हवा. आणि झाकण असं हवं की जे लहान मुलाला उघडता येणार नाही.

हे शेवटचं कलम म्हणजे भिंगरीच्या आईचं पोटापाण्याचं साधन. आई झाकणं तपासायची. कारखाने तिच्याकडे झाकणं पाठवायचे आणि ती ती मुलांच्या हातात द्यायची. धाकटा मामा चारचौघांत म्हणायचा, "आमच्या घरात वाटण्या झाल्यात. मी विष करतो, ताई त्याची बुचं बघते."

चाचणीची रीत मोठी मजेशीर होती. खेळगटातल्या मुलांना त्यांच्या रोजच्या खोलीत, रोजच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवायचं. जोडीजोडीनं, कारण एकटं मूल बुजतं, आणि दोघं असली की एकमेकांचं बघून शिकतात, घरात भावंडं शिकतात तशी. प्रत्येकापुढे बंद बाटली, आत साधं पाणी. आधी पाच मिनिटं काहीच सांगायचं नाही. मग एकदा बाटली उघडून दाखवायची, तीही तोंडातून शब्द न काढता. मग परत पाच मिनिटं, आणि या वेळी सांगायचं, "दातांनी केलं तरी चालेल." पाचातल्या एकाहून जास्त मुलांनी उघडलं की झाकण नापास.

आणि नुसतं एवढ्यावर भागत नाही. तेच झाकण मग म्हाताऱ्या माणसांना द्यायचं, आणि त्यांना ते उघडलंच पाहिजे. थोडक्यात काय, झाकण आजीला उघडायला हवं आणि नातवाला नाही. आता आजीच्या बोटांत आणि नातवाच्या बोटांत ताकद जवळपास सारखीच. सगळी मेख तिथे.

शाळेला सुट्टी लागली की भिंगरी आईच्या हाताखाली काम करायची. घड्याळ तिच्या ताब्यात असायचं, आणि "दातांनी केलं तरी चालेल" हे वाक्य खास तिचं होतं. ते ती नाटकातल्या राणीसारखं म्हणायची.

त्या सुट्टीत झाकण आलं ते धाकट्या मामाचं. नियम आणखी कडक झाले होते. मोरीच्या पाण्याला आता जुनं झाकण चालणार नव्हतं, ठरलेल्या तारखेनंतर जुन्या झाकणाची बाटली दुकानात दिसली तर कारखान्याला कुलूप. मामानं मोठ्या हौसेनं नवा साचा करून घेतला होता. खाली दाबून फिरवायचं झाकण. सख्ख्या भावाचं झाकण आई खऱ्या चाचणीसाठी घेऊ शकत नव्हती, ते दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत जायचं होतं. ही आपली घरगुती रंगीत तालीम. इथे पास झालं तर झाकण तिकडे पाठवून मामा यंत्रं सुरू करणार होता. नाही झालं तर साचा भंगारात, आणि तारीख तर दारात येऊन उभी.

"भिंगरे, मुलांना सकाळी पोटभर खायला घालू नकोस," मामा आदल्या दिवशी म्हणाला होता. "अंगात ताकद नको."

"मामा, ही लाच झाली."

"लाच खायला घालून देतात. मी तर उपाशी ठेवा म्हणतोय."

सकाळी खेळगटात नेहमीचा गोंधळ होता. खिडकीतून ऊन तिरकं आत आलेलं, भिंतीवर हातांचे रंगीत ठसे, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या चपला. मूल मात्र एक कमी होतं, एकाला ताप आला म्हणून. त्यामुळे एक मुलगी बिनजोडीची राहिली. गाल असे की दोन्ही बाजूंना लाडू ठेवल्यासारखे, म्हणून भिंगरीनं तिचं नाव मनातल्या मनात गालफुगी ठेवलं. गालफुगी खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. शेजारची खुर्ची रिकामी. पण आईचे हात वर्षानुवर्षं जोडीनं बाटल्या मांडत आलेले. तिनं गालफुगीपुढे एक ठेवली आणि हातासरशी दुसरी रिकाम्या खुर्चीपुढे ठेवून पुढे गेली. भिंगरीनं पाहिलं, पण घड्याळ सुरू करायचं होतं, म्हणून काही बोलली नाही.

खोलीत धुमाळी उडाली. एकानं बाटली डोक्यावर आपटली, स्वतःच्याच. दोघींनी आपापल्या बाटल्यांची लग्नं लावली. एक मुलगा झाकणाशी फार गोड बोलत होता, "उघड ना, उघड ना." झाकणं मात्र हूं की चूं करत नव्हती. आईच्या चेहऱ्यावर भावासाठी हळूहळू हसू फुटायला लागलं होतं.

मग भिंगरीच्या पाठीवर गार वारा आल्यासारखं झालं. खिडकी तर बंद होती. तिनं वळून बघितलं.

गालफुगी रिकाम्या खुर्चीकडे मान वाकडी करून बघत होती. नीट, एकटक, शहाण्या मुलासारखी. मग तिनं आपली बाटली उचलली आणि उलटी केली. झाकण खाली, बूड वर. टेबलावर उभी केली, बुडावर छाती टेकवली, सगळा भार टाकला आणि कमरेपासून स्वतःच गर्रकन वळली. टक्. बाटली उचलली तर झाकण टेबलावर, आणि तिच्या पुढ्यात पाणीच पाणी.

झाकण हातानं दाबायची ताकद तीन वर्षांच्या पोरीत नव्हती. पण अख्ख्या पोरीचं वजन झाकणाला पुरलं.

भिंगरी फडकं घेऊन धावली. टेबल पुसता पुसता तिचा हात थांबला. रिकाम्या खुर्चीपुढची बाटली पण उघडी होती. आत थेंबसुद्धा नव्हता. आणि टेबलाची ती अर्धी बाजू कोरडी ठणठणीत.

"ही पण तूच उघडलीस?"

"नाही. त्यानं." गालफुगीनं हनुवटीनं खुर्ची दाखवली. "त्यानंच मला दाखवलं."

"कुणी गं?"

"हा. ह्याच्या शर्टाची बटणं पाठीवर आहेत. त्याला काढता येत नाहीत."

भिंगरीनं खुर्चीकडे बघितलं. लाल रंगाची बुटकी खुर्ची, एका पायाला रबर नसलेली. बाकी काही नाही.

"पाणी कुठे गेलं?"

"तो प्याला."

"मग?"

"मग झोपला," गालफुगी म्हणाली, आणि ओले हात फ्रॉकला पुसून खेळायला गेली.

*

दुपारी मामा घरी आला तो जिना चढतानाच ओरडत, "काय निकाल लागला आमच्या पोराचा?" पोर म्हणजे झाकण. आईनं चहा टाकला. तिनं सांगितलं की दाखवल्यानंतर काही मुलांनी उघडलं, दातांनी, नखांनी, पण तेवढं चालतं. अगदी काठावर आहे. गालफुगीला धरलं तर नापास. सोडलं तर पास.

"ती बिनजोडीची होती ना?" मामानं चटकन विचारलं.

"हो."

"मग तिला धरायचंच नाही. नियम काय सांगतो? जोडी. एकटं मूल मोजायचं नाही. ताई, मी म्हणतोय म्हणून नाही, छापलंय तसं."

"छापलंय," आई म्हणाली. चहा गाळताना तिनं मान वर केली नाही.

"मग मी यंत्रं सुरू करतो. चला, सुटलो. कारखान्यातली माणसं रोज माझ्या तोंडाकडे बघतात गं. काय सांगू त्यांना, बुचापायी घरी बसा?"

भिंगरी दारात उभी राहून ऐकत होती. मामा तिचा लाडका होता. तिला सायकल त्यानं शिकवली होती, पडल्यावर हसला होता आणि मग स्वतः मुद्दाम पडून दाखवलं होतं. तिला मनापासून वाटत होतं की झाकण पास व्हावं. तिनं चाचणीतली एक बंद बाटली आणली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलटी ठेवली, छाती टेकवली आणि वळली. टक्.

मामानं बघितलं आणि हात झटकला. "तू घोडी झालीयस. तू उघडशीलच."

"मी हातानं जोरच लावला नाही."

"एका पोरीला योगायोगानं जमलं. त्यासाठी साचा फोडू? तीसुद्धा एकटी बसलेली."

"ती एकटी नव्हती," भिंगरी म्हणाली.

"आं?"

"जोडीनंच बसली होती. शेजारी मुलगा होता. त्याची बाटली पण उघडी सापडली. त्यानंच तिला शिकवलं, असं ती म्हणते."

"भिंगरे, आज तरी गोष्टी रचू नकोस."

"मी नाही रचत. ती म्हणाली त्याच्या शर्टाची बटणं पाठीवर आहेत. काढता येत नाहीत त्याला."

आईच्या हातातली गाळणी ओट्यावर पडली. चहाची पत्ती ओट्यावरून खाली गळायला लागली आणि आई ती पुसेना. जिला ओट्यावर पाण्याचा थेंब चालत नाही ती.

"शर्ट मी घातला होता त्याला," ती म्हणाली. आवाज इतका साधा की जणू काल सकाळची गोष्ट. "उलटा. गंमत म्हणून. त्याला इतका आवडला, की तो सरळ करून घेईना. आई मला म्हणाली, असू दे, दुपारी बदलू."

मामानं ताईकडे बघितलं, मग भिंगरीकडे. हे त्याला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण?

"छान," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे आता तो माझ्या झाकणावर बसला." हसायला गेला आणि हसू आलंच नाही. "मला मिशा फुटेपर्यंत ह्या घरात बाटलीला हात लावू दिला नाही कुणी. दुधाचीसुद्धा. सगळी कपाटं कुलपात. का, तर थोरला. शाळेत पाणी प्यायचो तर आई येऊन आधी स्वतः घोट घेऊन बघायची, पोरं हसायची. का, तर थोरला. मी त्याला बघितलंसुद्धा नाही ताई. आणि आता कारखाना पण त्याला विचारून चालवू?"

"मी वहीत पास लिहिते," आई म्हणाली. "नियमानं पासच आहे. पुढचं तू बघ."

मामा चहा तसाच टाकून गेला.

आई रात्री जेवली नाही. भिंगरीनंही पानात नुसती बोटं फिरवली. आता घरातल्या प्रत्येक बाटलीकडे बघताना तिला वाटायचं, मागे कुणीतरी उभं आहे, उंचीनं ओट्याएवढंही नाही, आणि आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघतंय. तेलाची बाटली. शाम्पूची बाटली. खोकल्याचं औषध. ती एकेक झाकण घट्ट करत घरभर फिरली.

आणि फिरता फिरता तिच्या लक्षात आलं, की थोरला काही मामाच्या वाईटावर नाही. त्याला मामा कोण हेच माहीत नाही. आई झाकणं तपासायला लागली तेव्हापासून तो कुठल्याशा खोलीत, कुठल्याशा रिकाम्या खुर्चीवर बसून झाकणं उघडत असणार. एवढी वर्षं. त्याच्याकडे वेळच वेळ. असा मुलगा शिकणार नाही तर काय होणार? आणि उघडलं की तो दर वेळी तेच करतो. पितो. आणि मग झोपतो.

*

दुसऱ्या दिवशी ती सायकल मारत कारखान्यात गेली. यंत्रं बंद होती. बाटल्या भरायच्या खोलीत कॉस्टिकचा तो नाकात बोचणारा वास, भिंतीशी रिकाम्या बाटल्यांचे डोंगर, आणि मधल्या लांब टेबलावर मामा. भिंगरी दारातच थबकली. मामानं एक बाटली उलटी उभी केली होती आणि तिच्यावर पोट टेकवून तो गोल वळायचा प्रयत्न करत होता. समोर उघडलेल्या बाटल्यांची रांग लागलेली.

"ये," तो मान न वळवता म्हणाला. "बघ मामाचं नृत्य."

"उघडतंय?"

"दर वेळी. एकदा कळलं की झोपेतसुद्धा उघडेल." तो बाकावर बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. "मी काय ठरवलं होतं माहितीये? हे कुणाला कळणारच नाही. कुठलं पोर बाटली उलटी करतं? आणि मग वाटलं, एकाला सुचलं ना."

"मामा, तो मुद्दाम नाही करत."

"कळतं गं मला. तीन वर्षांचं पोर कसलं मुद्दाम करतंय." त्यानं रुमालानं टक्कल पुसलं. मग अगदी हळू विचारलं, "प्यायल्यावर काय होतं म्हणालीस?"

"झोपतो."

मामानं समोरच्या उघड्या बाटल्या पुढ्यात ओढल्या. त्यानं त्या एकेक करून बंद केल्या. पुन्हा दाबून बघितल्या.

"ह्या पोराला रोज मारतोय आपण," तो म्हणाला.

त्याच दुपारी त्यानं साचेवाल्याला बोलावलं. साचेवाला म्हणजे बोलायला गेलं की आधी "नाही होणार" म्हणणारा माणूस. यावरही तो "नाही होणार" म्हणाला, मग झाकण हातात घेऊन फिरवत बसला. भिंगरी मध्येच बोलली, "बाटली उलटी उभीच राहिली नाही तर?" दोघांनी तिच्याकडे बघितलं. साचेवाल्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि झाकणाच्या सपाट डोक्यावर एक टोपी काढली, चेंडूच्या अर्ध्यासारखी गोल. उलटी ठेवली की घसरणारच. आणि दाबायच्या जागा वर नाहीत, दोन बाजूंना, एकमेकींपासून एवढ्या लांब की मोठ्या माणसाच्या अंगठा-बोटात बसतील आणि मुलाच्या नाही.

"हे होईल," साचेवाला म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

तारीख आली आणि गेली. मामानं मोरीचं पाणी बाजारातून काढून घेतलं आणि तेवढे दिवस नुसता फरशीचा साबण विकला, ज्यानं कुणाचं काही बिघडत नाही. माणसं घरी बसवली नाहीत. स्वतः बाटल्या धुवायला उभा राहायचा. भिंगरीला म्हणायचा, "साबणात हात इतके मऊ झालेत, की माझ्यासाठी स्थळं यायला लागतील."

*

नवी झाकणं आली तेव्हा आईनं दुसऱ्या खेळगटात तालीम ठेवली, कारण एकदा चाचणीत बसलेली मुलं परत त्याच चाचणीला चालत नाहीत. या वेळी मुलं पूर्ण होती, जोड्या जुळल्या होत्या. तरी आईनं गालफुगीच्या आईला विचारून गालफुगीला नेलं. ती मोजायची नव्हती. ती नुसती बसायला हवी होती.

आईनं कडेला एक टेबल मांडलं. दोन बुटक्या खुर्च्या. गालफुगीपुढे चित्रं रंगवायचा कागद ठेवला. आणि रिकाम्या खुर्चीपुढे बाटली ठेवली, पाणी गळ्यापर्यंत भरून. या वेळी हातासरशी नाही. ठेवल्यावर तिनं बाटलीचा त्रिकोण मुलाच्या बाजूला येईल अशी ती फिरवली.

मामा मागे भिंतीशी एका छोट्या खुर्चीवर बसला होता, गुडघे कानाला लागलेले. एरवी भिंगरी हसून हसून मेली असती.

तिनं घड्याळ सुरू केलं. मुलांचा कालवा सुरू झाला आणि तिला तो लांबून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. ती त्या एकाच टेबलाकडे बघत होती.

"आला?" आईनं गालफुगीला कुजबुजत विचारलं.

"केव्हाच," गालफुगी रंग भरता भरता म्हणाली.

बाटली हलली. थोडीशीच, कुणीतरी ओढल्यासारखी. मग आडवी झाली, मग बूड वर आलं. भिंगरीनं डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण मिटलेले जास्त भीतीचे होते. बाटली क्षणभर उलटी उभी राहिली आणि घसरली. परत उभी राहिली. परत घसरली, गडगडत टेबलाच्या काठापर्यंत गेली आणि धप्पकन खाली पडली. मामा उठायला लागला तसा आईनं त्याला हातानं खाली बसवलं. तिनं बाटली उचलून जागेवर ठेवली. झाकण बंद होतं.

पाच मिनिटं झाली. आईनं सगळ्यांना बाटली उघडून दाखवली, ओठ गच्च मिटून. मग तिनं भिंगरीकडे बघितलं.

आता भिंगरीचं वाक्य होतं. ते सगळ्या मुलांना सांगायचं असतं, एकालाही वगळून चालत नाही. नाही सांगितलं तर ती चाचणीच नाही, आणि सांगितलं तर तिलाच त्याला शिकवायचं होतं. मामा तिच्याकडे बघत होता. त्यानं हळूच मान हलवली, म्हण म्हणून.

"दातांनी," भिंगरी म्हणाली, आणि राणीचा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक, "दातांनी केलं तरी चालेल." हे ती रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली.

बाटलीच्या गळ्याशी आवाज सुरू झाला. उंदरासारखा, बारीक, करकर करकर. मुलांच्या आवाजाखालून तो येत राहिला, थांबला, परत आला. आई टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. झाकणाच्या गोल डोक्यावर एकेक पांढरा ओरखडा उमटत होता, दुधाच्या दातांएवढा. भिंगरी घड्याळ बघायची विसरली. आईला आठवण करून द्यावी लागली.

वेळ संपली तेव्हा बाटलीतलं पाणी गळ्यापर्यंत होतं तसं होतं.

मामानं मोठा श्वास सोडला. पण गालफुगीनं खडू खाली ठेवला होता आणि ती शेजारी बघत होती. "रडतोय," ती म्हणाली.

कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मामा उठला, टेबलाशी आला आणि खुर्चीसमोर उकिडवा बसला. एवढा मोठा माणूस, काय करावं न सुचून त्यानं आधी स्वतःचे हात गुडघ्यांवर पुसले.

"दादा," तो म्हणाला. आयुष्यात त्यानं कुणाला दादा म्हटलं नव्हतं. "दादा, नाही उघडणार ते. मी तसंच केलंय."

"अजून रडतोय," गालफुगी म्हणाली.

"मग काय करू मी?" मामानं ताईला विचारलं. अगदी धाकट्या भावानं विचारावं तसं.

आईनं गालफुगीकडे वाकून विचारलं, "का रडतोय गं तो?"

गालफुगीनं ऐकून घेतलं. तिला प्रश्न फारच सोपा वाटलेला दिसला. "त्याला पाणी पाहिजे," ती म्हणाली.

आई सरळ झाली. मग ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, मुलांच्या माठातून एक पेला भरला, आधी स्वतः एक घोट घेतला, आणि तो पेला रिकाम्या खुर्चीपुढे आणून ठेवला. उघडा. आणखी एक बुटकी खुर्ची ओढून ती तिथेच बसली. मामानं पेल्याकडे बघायचं टाळलं. भिंगरीनं मात्र बघितलं. पाणी खाली जात होतं, हळूहळू, मुलं पितात तसं, मध्येच थांबून, श्वास घेऊन, परत.

पेला रिकामा झाला. आईचे डोळे खुर्चीवर खिळलेले आणि बोटं पदराच्या काठात गुंतलेली, ती कशाची तरी वाट बघत होती, आणि ते होऊ नये म्हणूनही वाट बघत होती.

गालफुगी खुर्चीवरून उतरली. बाहेर अंगणात बाकीची मुलं पळापळी खेळायला लागली होती. ती दारापर्यंत गेली, वळली, आणि हात पुढे करून वैतागून म्हणाली, "चल ना."

दार बराच वेळ हलत राहिलं.

"हळू रे," आईच्या तोंडून निघून गेलं, "पडाल."